खोटी पुस्तकं कुठली?

आमच्या वाचकगटाच्या मागच्या बैठकीत एक सूचना आली आणि ती जवळजवळ मंजूर झाली. ग्रंथालयाने यापुढे कादंबऱ्या विकत घेऊ नयेत. जे थोडे पैसे हाती येतात ते चरित्रं, इतिहास, शेती, कायदा, स्पर्धा परीक्षा आणि व्यक्तिमत्त्व विकास यांवरच खर्च करावेत. सूचना मांडणारे गृहस्थ माझ्यापेक्षा वयाने मोठे, चाकणच्या कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले आणि गटात सर्वांत जास्त वाचणारे आहेत. ते म्हणाले, "साठीनंतर मी कल्पित वाचणं सोडलं. कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली माणसं आणि त्यांची खोटी दुःखं. वेळ थोडा उरलाय, खरं तेवढं वाचावं." पाच-सहा माना हलल्या. मी गप्प बसलो, कारण चारचौघांत मला चटकन बोलता येत नाही. पण घरी गेल्यावर झोप आली नाही. मग महिनाभर मी याच प्रश्नाला धरून वाचलं. काही पुस्तकं नव्याने, काही दुसऱ्यांदा.

त्यांचं म्हणणं मी सौम्य करून मांडणार नाही. त्यांचे मुद्दे तीन होते. पहिला वेळेचा. पहिल्या शिफ्टला जाणारा माणूस पहाटे उठतो, कंपनीची बस पकडतो, चाकणच्या तळेगाव चौकात अडकतो आणि घरी येतो तेव्हा दिवस कललेला असतो. त्याच्याजवळ वाचायला अर्धा तास असेल, तर तो न घडलेल्या गोष्टीला का द्यावा? दुसरा मुद्दा जास्त जड. ऐतिहासिक कादंबऱ्यांनी मराठी माणसाचा इतिहास नासवला, लोक कादंबरीतले संवाद पुरावा म्हणून एकमेकांच्या तोंडावर फेकतात. तिसरा मुद्दा आपल्या मुलांचा. राजगुरुनगरच्या अभ्यासिकांतून सकाळपासून रात्रीपर्यंत पोरं-पोरी बसलेली असतात, कुणी एमपीएससीसाठी, कुणी तलाठी भरतीसाठी, कुणी पोलीस भरतीसाठी. त्यांना कादंबरी काय देणार?

इतिहासापासून सुरुवात करतो, कारण तिथे ते निम्मे बरोबर आहेत.

या बाबतीत आपला खेड तालुका फार जवळून गुंतलेला आहे. ना. सं. इनामदारांच्या दोन कादंबऱ्यांची मुळं इथल्या मातीत आहेत. 'राऊ'मधल्या काशीबाई चासच्या, चासकर जोशांच्या लेक. 'झुंज'चे नायक यशवंतराव होळकर वाफगावच्या भुईकोटात जन्मले. आणि आपल्या राजगुरुनगरवरून गेलेली भीमा पुढे तुळापूरला इंद्रायणीला भेटते, जिथे १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा अंत झाला. म्हणजे 'राऊ', 'झुंज', 'छावा' या तिन्ही कादंबऱ्या आपल्याकडे घरच्या गोष्टींसारख्या वाचल्या जातात. घरच्या गोष्टी माणूस तपासत नाही, हे मला मान्य आहे. 'राऊ'वर आधारलेला चित्रपट डिसेंबर २०१५ मध्ये आला, त्यात काशीबाई मस्तानीबरोबर नाचल्या, त्यावर आक्षेपही घेतले गेले. पण आज चासच्या सोमेश्वराच्या देवळात उभं राहून काशीबाईंबद्दल बोलणारी पर्यटक मंडळी त्या गाण्याबद्दलच बोलतात. मी स्वतः ऐकलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला, आणि त्यानंतर, पडद्यावरचं खरं मानून, बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री शेतं खणून सोनं शोधत असल्याच्या बातम्या आल्या. सूचना मांडणाऱ्या आमच्या मित्राने याच बातमीचा दाखला दिला होता.

'राऊ' मी या महिन्यात पुन्हा वाचली. तरुणपणी जितकी आवडली तितकी आता आवडली नाही. बाजीराव आणि मस्तानी यांच्यासाठी लेखकाने मन ओतलं आहे, आणि काशीबाईंच्या वाट्याला समंजसपणा एवढाच उरला आहे. बाजीराव १७४० च्या एप्रिलमध्ये रावेरखेडीला वारले, मागोमाग मस्तानी गेली, आणि सवतीच्या पोराला, समशेर बहादूरला, काशीबाईंनी सांभाळलं. तो मोठा होऊन पानिपतात लढला. एका बाईच्या आयुष्यातला हा केवढा मोठा भाग! मला त्यावर पुस्तक वाचायचं आहे. इथे एका कादंबरीने सोडलेली जागा दुसऱ्या कादंबरीने भरावी, असं मला वाटतं. आमच्या मित्राला वाटतं की कादंबरीच नको. आमच्यातला फरक इथे सुरू होतो.

कारण इतिहास नासवण्याचा मक्ता कादंबरीने घेतलेला नाही. संभाजी महाराजांचंच पाहा. व्यसनी, उतावळा, राज्य बुडवणारा राजपुत्र अशी त्यांची प्रतिमा दीडशे वर्षं मराठी मनात बसून होती. ती कुणी बसवली? तिचा मोठा उगम मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत आहे. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. आणि लिहिणाऱ्याचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस यांना संभाजी महाराजांनीच देहदंड दिला होता. ही बखर आमच्या मित्राच्या वर्गवारीत कुठे बसते? 'खऱ्या' पुस्तकांत. तिच्यावर विसंबून पुढे इतिहास लिहिले गेले, आणि त्या इतिहासांवरून नाटकं रचली गेली. नाटकवाल्यांनी खोटं रचलं खरं, पण त्याचं बी 'खऱ्या' पुस्तकातून आलेलं होतं.

ती प्रतिमा मोडली वा. सी. बेंद्रे यांनी. अर्धं आयुष्य कागद गोळा करण्यात घालवून त्यांनी १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र छापलं. १९७१ मध्ये कमल गोखले यांचं 'शिवपुत्र संभाजी' आलं. आणि १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची 'छावा'. बेंद्र्यांचं पुस्तक मी वाचायला घेतलं तेव्हा पहिली शंभर पानं चढणीसारखी गेली. तारखा, पत्रं, ताळे. पण शंभर पानांनंतर त्या माणसाचा हात सोडवेना. 'छावा'ची भाषा मला आज जड वाटते, अलंकारांनी वाकलेली, आणि नायकाला कुठे सावलीच पडत नाही. तरीही एक गोष्ट मला नाकारता येत नाही. संशोधकांनी जे सिद्ध केलं ते हजारभर लोकांपर्यंत गेलं, आणि कादंबरीने ते ओसरीवर नेऊन ठेवलं. माझ्या आईने बेंद्र्यांचं नावही ऐकलं नव्हतं. 'छावा' तिने शेजारणीकडून आणून वाचली आणि संभाजीराजांविषयी तिचं मत बदललं. बदललेलं मत आधीच्या मतापेक्षा खऱ्याच्या जवळ होतं. मग नासवलं कुणी आणि सुधारलं कुणी?

आता आमच्या मित्राच्या आवडत्या पुस्तकाकडे येतो. गेल्या वर्षी त्यांनीच मला 'गावगाडा' वाचायला लावलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचं हे पुस्तक १९१५ चं. महसूल खात्यात नोकरी करताना गावोगाव पाहिलेलं त्यांनी लिहून ठेवलं. बलुतेदाराला खळ्यावर काय मिळायचं, पाटील-कुळकर्ण्यांचे हक्क काय, कुणब्याचं धान्य किती हातांतून गळत जायचं, हे इतकं बारीक कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. माझे आजोबा 'पेंढी' हा शब्द एका विशिष्ट अर्थाने वापरायचे, तो अर्थ मला या पुस्तकाने पन्नाशीत समजावला. पण त्यातलं फिरस्त्या जमातींवरचं लिखाण वाचा. पालं ठोकून राहणारी माणसं तिथे गावाला लागलेली कीड म्हणून येतात. याच लेखकाचं 'गुन्हेगार जाती' नावाचंही पुस्तक आहे. एका अख्ख्या जमातीला जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला होता आणि तो १९५२ पर्यंत गेला नाही. आत्र्यांसारखा कष्टाळू, प्रामाणिक माणूसही त्या कायद्याच्याच डोळ्यांनी पाहत होता. त्याने पाहिलेलं सगळं खरं असेल. पण पालाच्या आतून काय दिसतं हे त्याला कधी दिसलं नाही, आणि दिसत नाही हे त्याला जाणवलंही नाही.

आतून काय दिसतं ते १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या'त सांगितलं. आमचे मित्र म्हणतील, 'उचल्या' आत्मकथन आहे, म्हणजे माझ्याच फळीवरचं. मान्य. पण मग 'गावगाडा' आणि 'उचल्या' ही दोन्ही 'खरी' पुस्तकं त्या फळीवर शेजारी ठेवली तर ती एकमेकांशी भांडतात, आणि 'खरं आहे' एवढ्या शिक्क्याने ते भांडण सुटत नाही. शिवाय 'उचल्या'च्या कितीतरी आधी, १९५९ मध्येच, अण्णाभाऊ साठ्यांनी 'फकिरा'त तो माणूस उभा केला होता, ज्याला सरकारी कागद गुन्हेगार म्हणत होता. ती कादंबरी आहे. सरकारी कागद कादंबरी नव्हता. या दोघांत कोण खरं बोलत होतं?

माझं सगळं आयुष्य क्वालिटी विभागात गेलं. आमच्याकडे तयार पार्ट येतो तेव्हा पहिला प्रश्न एकच असतो: ड्रॉइंग काय आहे? ड्रॉइंग पाहिल्याशिवाय गेज उचलायचा नाही. बोअर तपासायला प्लग गेज, शाफ्ट तपासायला रिंग गेज. नवीन पोरगा कधी घाईने उलटं करायला जातो, आणि गेज बसत नाही म्हणून चांगला पार्ट लाल ट्रेमध्ये टाकतो. त्याला समजावून सांगावं लागतं की पार्ट चुकलेला नाही, तू चुकीचा गेज घेतलास. पुस्तकाचंही मला असंच वाटतं. इतिहासकार म्हणतो, हे असं घडलं. त्याला कागद विचारायचा. आत्मकथन म्हणतं, माझ्यावर हे असं बेतलं. त्याला विचारायचं की तू स्वतःला वाचवून घेतोस का. कादंबरी म्हणते, माणसं अशी असतात. तिला कागद विचारणं म्हणजे शाफ्टला प्लग गेज लावणं. पण तिला काहीच विचारायचं नाही असंही नाही. तिची टॉलरन्स फार कमी असते. एक माणूस एका जागी जे करणार नाही ते तिने त्याच्याकडून करवून घेतलं, की वाचकाला लगेच कळतं आणि पुस्तक हातातून गळून पडतं. 'छावा'ला मी कमी गुण दिले ते या गेजने; तारखा चुकल्या म्हणून नव्हे.

हे सगळं मला एका कागदामुळे इतकं जवळचं वाटतं. तो कागद मी आमच्या मित्राला दाखवणार आहे.

माझं आजोळ भीमेच्या वरच्या अंगाला होतं. ते चासकमान धरणाच्या पाण्यात गेलं. भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल मामाच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून आहे. गट नंबर, क्षेत्र, जिरायत किती, पोटखराबा किती, घर एक, विहीर एक, आणि खाली झाडं: आंबा ३, चिंच १, बाभळी ७. प्रत्येकापुढे रक्कम. या कागदात चूक एकही नाही. झाडं खरोखर तेवढीच होती. पण त्या तीन आंब्यांतला एक 'शेप्या' होता. त्याच्या फळाला शेपूचा वास यायचा, पिकल्यावर पोरंसुद्धा तोंड लावायची नाहीत, पण लोणच्याला त्याच्यासारखी कैरी पंचक्रोशीत नव्हती. तो दोन भावांच्या बांधावर उभा होता. आजोबा आणि त्यांच्या धाकट्या भावाची वाटणी झाली तेव्हा सगळं वाटलं गेलं, शेप्या मात्र सामाईक राहिला. एका वर्षी कैऱ्या याच्याकडे, एका वर्षी त्याच्याकडे, आणि दोन्ही घरच्या लेकींना लोणच्याची बरणी दरवर्षी. पंचनाम्याला आलेल्या माणसाने टेप लावला. बुंधा बोटभर आजोबांच्या बाजूला होता. झाड आजोबांच्या खाती लागलं. रक्कम इतकी किरकोळ होती की त्यात एक शेळी आली नसती. दोन भाऊ त्यानंतर अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. धाकटे आजोबा वारले तेव्हा आमचे आजोबा मसणवट्यात मागे, लांब, एकटेच उभे होते.

हे कुठल्या 'खऱ्या' पुस्तकात सापडेल? भूसंपादन अधिनियमात नाही, पुनर्वसनाच्या अहवालात नाही, प्रकल्पाच्या माहितीपत्रकात तर नाहीच. त्या माहितीपत्रकात किती हेक्टर भिजलं ते आहे, आणि तेही खरं आहे. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, ते मी नाकारत नाही. पण विश्वास पाटलांची 'झाडाझडती' मी पहिल्यांदा वाचली तेव्हा जांभळी गावातल्या भांडणांत मला शेप्या दिसला. ही कादंबरी १९९१ ची, तिला पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लिहिणारा माणूस शासनात अधिकारी होता, पुनर्वसनाचं काम त्याने टेबलाच्या त्या बाजूने पाहिलं होतं. यंदा ती दुसऱ्यांदा वाचताना तिचे दोष मला जास्त दिसले. ती फार लांबते, खलपुरुष ढोबळ आहेत, आणि काही ठिकाणी पात्रं बोलत नाहीत, भाषण करतात. पण खैरमोडे गुरुजींची फरफट वाचताना माझ्या मनात एकदाही आलं नाही की हे कुणाच्या तरी डोक्यातून निघालेलं खोटं दुःख आहे. गाव उठतं तेव्हा आधी काय तुटतं, माणूस माणसाला कसा विकतो, आणि न्यायाची भाषा बोलणाऱ्या कागदाखाली माणूस कसा चिरडतो, हे तिच्याइतकं मला कुणी दाखवलं नव्हतं.

कृष्णात खोतांची 'रिंगाण' मी नव्यानेच वाचली. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावात मागे राहिलेली म्हैस आणायला एक माणूस परत रानात जातो, एवढीच गोष्ट. म्हैस आता माणसाची राहिलेली नाही. पहिल्या तीस पानांत बोलीने मला दमवलं, मी दोनदा पुस्तक मिटलं. नंतर बसमध्ये वाचताना माझा थांबा पुढे गेला तरी कळलं नाही. 'झाडाझडती'पेक्षा ती लहान आहे आणि माझ्या मते जास्त खोल आहे, कारण ती कुणावर आरोप करत बसत नाही. जनावराच्या बाजूने विस्थापन पाहायची कल्पना कुठल्या अहवालाला सुचली असती? आमच्या मित्राच्या वेळेच्या मुद्द्याला माझं उत्तर हेच आहे. चाकण ते राजगुरुनगर या खोळंब्याच्या प्रवासात चार दिवसांत वाचून झालेल्या पुस्तकाने मला आजोळी नेऊन आणलं. अर्धा तास यापेक्षा चांगला कुठे खर्च होणार होता?

आणि मी ललितेतर वाचनाचा शत्रू नाही. याच महिन्यात राजेंद्र व्होरांचं 'मुळशी सत्याग्रह' वाचलं. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळच्या लोकांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे आले, हे आपण शाळेत एका ओळीत शिकलो. व्होरा त्या ओळीच्या खाली खणतात. जमीन कुणाच्या नावावर, कसतं कोण, सावकाराकडे गहाण किती, आणि मोबदल्याची भाषा सुरू होताच कुणाचं हित कुठे वळलं, हे ते दाखवतात. शंभर वर्षांपूर्वीचं मुळशी वाचताना मला आपलं भामा-आसखेड दिसत होतं, जिथलं पाणी नळाने पुण्याला जातं आणि ज्या नळाचं काम धरणग्रस्तांनी वारंवार अडवलं. हे पुस्तक 'झाडाझडती'चं काम करू शकत नाही, आणि 'झाडाझडती' याचं काम करू शकत नाही. शेप्याच्या भांडणात चूक कुणाची ते व्होरा समजावतील. ती अकरा वर्षं आजोबांच्या घशात कशी अडकली ते कादंबरीच सांगेल.

मग सूचनेतला तो शेवटचा शब्द उरतो: व्यक्तिमत्त्व विकास. त्यावर मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण आमच्या ग्रंथालयात सर्वांत जास्त वाढलेला कप्पा हाच आहे आणि तो 'उपयुक्त, वैचारिक' या पाटीखाली आहे. 'रिच डॅड पुअर डॅड'च्या मराठी प्रती आमच्याकडे फिरून फिरून फाटल्या आहेत. त्यातला श्रीमंत बाप खरोखर कुणी होता का, हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. तो कल्पित असेल तर ती कादंबरी झाली, मग ती या पाटीखाली कशी? पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. आपल्या तालुक्यात आधी औद्योगिक वसाहत आली, मग सेझ आलं. कनेरसर, निमगाव, दावडीच्या जमिनी गेल्या, 'पंधरा टक्के परतावा' हा शब्द घराघरांत शिरला. ज्याने कधी एकरकमी पैसा पाहिला नव्हता त्याच्या हाती चेक आला. त्या काळात ही पुस्तकं लोकांनी घेतली, मीही घेतली. त्यांत सगळी माणसं जिंकतात. ज्यांनी पुस्तकात सांगितलं तसंच केलं आणि जे बुडाले, त्यांच्यावर एक पान नाही. आमच्या विभागात कुणी फक्त पास झालेले नग मोजून 'रिजेक्शन शून्य' असा रिपोर्ट लिहिला, तर त्याची नोकरी जाईल. इथे मात्र असाच रिपोर्ट छापून विकला जातो आणि आपण त्याला खरं पुस्तक म्हणतो. बुडालेल्या माणसाला बाहेरचं जग 'गुंठामंत्री' म्हणून हिणवतं, आणि ही पुस्तकं त्याला सांगतात की तुझ्या विचारातच खोट होती. त्याचं खरं दुःख मी वाचलं ते कथांत आणि कादंबऱ्यांत. 'खोटी दुःखं' हा शब्द आमच्या मित्राने वापरला, म्हणून हे लिहावं लागलं.

आपल्या गावाला ज्यांचं नाव आहे त्यांच्याबद्दलही थोडं बोललं पाहिजे. २३ मार्चला राजगुरुवाड्यावर आपण जमतो. भाषणांतून जे शिवराम हरी राजगुरू उभे राहतात त्यांना ना भूक आहे, ना झोप, ना राग. हे सगळं 'सत्यकथन' असतं. मग मी शिव वर्मा यांच्या आठवणी वाचल्या. ते क्रांतिकारकांचे सोबती, पुढे वर्षानुवर्षं तुरुंगात राहिलेले. त्यांचे राजगुरू कुठेही गाढ झोपतात, चेष्टा सहन करतात, आणि मरणाच्या कामात भगतसिंगांच्या आधी आपला नंबर लागावा म्हणून लहान मुलासारखे हट्ट धरतात. डिसेंबर १९२८ मध्ये साँडर्सवर गोळी झाडणारा हा वीस वर्षांचा मुलगा भीमेच्या काठी या वाड्यात खेळला असेल, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं. शिव वर्मांनी काही रचलेलं नाही. पण माणूस उभा करण्यासाठी त्यांनी जे केलं ते चांगल्या कादंबरीकाराचंच काम आहे: त्यांनी दुबळेपणा लपवला नाही. आपल्या भाषणांनी तो लपवला, आणि खऱ्या माणसाचा पुतळा केला. राजगुरूंना पुतळा करणाऱ्यांनी कादंबरीला खोटं म्हणू नये.

राहिली अभ्यासिकेतली मुलं. आमच्या मित्राचा हा मुद्दा ऐकून सर्वांत जास्त माना हलल्या होत्या. माझ्या मते उत्तरही इथेच सर्वांत सोपं आहे. ही मुलं परीक्षा पास झाली तर कोण होणार? तलाठी, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार. कुणी भूसंपादनाच्या टेबलावर बसेल. आपल्या तालुक्यात रस्ते, वसाहती, जलवाहिन्या थांबणार नाहीत; म्हणजे पुढचे पंचनामे हीच मुलं लिहिणार. टेप घेऊन बांधावर उभं राहिल्यावर बुंधा कुणाच्या बाजूला किती आहे हे त्यांना पाठ्यपुस्तक शिकवेल. हे झाड सामाईक आहे का, असं मान वर करून विचारायला त्यांना कोण शिकवणार? कायद्यात तो प्रश्न नाही. विचारला असता तर कागदावर एक ओळ वाढली असती, 'सामाईक' एवढीच, आणि कायद्यात ती बसलीही असती.

म्हणून येत्या बैठकीत मी तीन गोष्टी मागणार आहे. 'झाडाझडती'ची आपली एकमेव प्रत बाइंडिंगमधून सुटली आहे, तिच्या दोन नव्या प्रती घ्याव्यात आणि त्यांतली एक अभ्यासिकेत ठेवावी. 'रिंगाण' आणि व्होरांचं 'मुळशी सत्याग्रह' एकाच दिवशी, एकाच बिलात खरेदी करावं. आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या कप्प्यावरची 'उपयुक्त, वैचारिक' ही पाटी काढावी. पुस्तकं राहू द्या, पाटी काढा. आमच्या मित्रांनी याला विरोध केला तर मी त्यांच्याशी पुन्हा वाद घालीन. निवाड्याची नक्कल मी मामाकडून मागून आणली आहे. ती पिशवीत असेल.